तिकडचं पिठलं

एका जंगलात एक चूल होती. नीट बसा बाळांनो, मांडी घालून. गोष्ट चुलीची आहे, राजकन्येची नाही. ज्यांना राजकन्या हवी असेल त्यांनी आत्ताच उठून जावं, मध्येच चुळबुळ करू नये.

तर ती चूल झऱ्याकाठी होती आणि तिच्यावर बायजामावशी नावाची अस्वलीण रांधायची. सुगी झाली की सगळ्या जंगलाची पंगत बसायची. बावीस वर्षं त्या पंगतीचा स्वयंपाक मावशीच करत होती. ज्वारीची भाकरी, पिठलं, लसणाची चटणी आणि शेवटी ताकभात. वाघ भाकरी खातो का, असं विचारू नका. बोधकथेत खातो.

त्या जंगलात स्वयंपाकाला तोंडानं चांगलं म्हणायची पद्धत नव्हती. पान चाटूनपुसून साफ केलं, की समजायचं, चांगलं झालं. पंगत उठली की मावशी रांगेतून एकटीच पत्रावळी बघत फिरायची. कुठे शीतही दिसलं नाही की तिचा शीण जायचा. आणि नियम असा होता, की ज्या वर्षी पानात टाकलेलं निघेल त्या वर्षी चूल दुसऱ्याकडे जाईल. मावशीला ना पिल्लू, ना भाऊ, ना कोणी. जे काही होतं ते त्या चुलीपाशी होतं.

त्याच जंगलात मार्तंडराव नावाचे एक तरस राहत. तरस काय खातं ते तुम्हाला ठाऊक आहे. शिळंपाकं, नासकं, कोणी टाकलेलं, काहीही. तर असे हे मार्तंडराव टूरबरोबर परदेशी जाऊन आले. अकरा दिवसांत सात देश. एका देशात तर ते झोपेत असतानाच बस आत शिरली आणि बाहेर पडली. तोही सातात धरलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावर सगळे जमले. "कसा झाला प्रवास?" सशानं विचारलं. आता या सशाला काही काम नव्हतं का? पण विचारलं खरं.

"प्रवासाचं सोड रे," मार्तंडराव डोळे मिटून म्हणाले. "तिथलं चीज! दोन-दोन वर्षं तळघरात ठेवतात. त्याला एक वास येतो..."

"नासतं का मग ते?"

"मुरतं!" मार्तंडराव कडाडले. "तुझ्या सात पिढ्यांना कळायचं नाही."

चीजनंतर ब्रेड आला. ब्रेडनंतर ऑलिव्ह. मग एका लहानशा खेड्यात एका म्हातारीनं हातानं वळलेला पास्ता आला. ही म्हातारी परदेशी जाऊन आलेल्या प्रत्येकाला भेटलेली असते. बरोबरच्या बाकी चाळीस जणांना ती दिसत कशी नाही, हे मात्र मला आजवर उमगलेलं नाही. शेवटी मार्तंडरावांनी लोण्यात परतलेल्या गोगलगाईचं वर्णन केलं. मागे बसलेली गोगलगाय तडक उठून निघाली. संध्याकाळपर्यंत ती समोरच्या पिंपळापर्यंत पोचली होती.

मग रोज तेच सुरू झालं. हरणानं पाला तोंडात घेतला की मार्तंडराव कळवळायचे. "असा कोरडा? अरेरे! तिकडे वरून ऑलिव्हचं तेल सोडतात." महिन्याभरात सगळं जंगल उसासे टाकू लागलं. ज्यांनी शेजारची नदी ओलांडली नव्हती ते म्हणू लागले, "आपल्याकडे चव म्हणजे नुसतं तिखट." चिखलातली मुळं उकरून खाणारं रानडुक्कर म्हणालं, "मला हल्ली आपलं जेवण हेवी होतं." मेल्या, चिखल हेवी होत नव्हता तो तुला!

सुगी झाली. पंगत बसली. मावशीनं पहाटेपासून भाकऱ्या थापल्या होत्या. पिठल्याचा वास नाल्यापलीकडे जात होता. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

मार्तंडरावांनी दोन घास खाल्ले आणि पान पुढे सरकवलं. "तिकडे पान संपवत नाहीत," ते म्हणाले. "उपाशी घरातून आल्यासारखं दिसतं."

वाघमहाराजांनी उचललेला घास खाली ठेवला. महाराज उपाशी घरातले दिसून कसं चालेल? महाराजांनी ठेवला म्हणून कोल्ह्यानं ठेवला. कोल्ह्यानं ठेवला म्हणून हरणानं. हत्तीची तर नववी भाकरी नुकतीच कुठे संपत होती, पण त्यानंही सोंड आवरली. पोटं अशी गुरगुरत होती, की झाडावरचे कावळे उडाले. पण एकाही शहाण्यानं पानाला हात लावला नाही.

मावशी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काही चुकलं का हो माझं?" तिनं विचारलं. "मीठ कमी पडलं का?"

वाघमहाराजांनी मिशीला लागलेलं पिठलं पुसलं.

"चुकलं काही नाही, बायजामावशी," वाघमहाराज म्हणाले. "पण जग कुठे चाललंय आणि तुम्ही कुठे आहात!"

तेवढ्यात उत्तरेकडून करकोचाआप्पा उतरले. हे आप्पा दरवर्षी परदेशी जायचे, सहा-सहा महिने राहायचे, तेही स्वतःच्या पंखांनी. तिकडे काय खाल्लं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि त्यांना कोणी विचारलंही नाही. ते पंगतीत बसले, तीन भाकऱ्या खाल्ल्या, पान साफ केलं आणि मग त्यांचं लक्ष समोर गेलं.

"अहो मार्तंडराव! तुम्हाला पाहिलं की मी तिकडे!" आप्पा म्हणाले. "त्या बर्फाच्या डोंगरावर, बसच्या मागे. टूरवाल्यांनी आचारी नेला होता ना बरोबर? पिठल्याच्या रांगेत तुम्ही पहिले होता. आणि दुसऱ्यांदा आलात तेव्हा आचारी संपलं म्हणाला, तर केवढे रडलात हो! शेजारच्या टपरीवरच्या चीजचा वास येतो म्हणून नाकाला रुमाल लावून रडत होता."

सगळी पंगत गार झाली. तुम्हाला वाटलं असेल, आता मार्तंडरावांचं तोंड काळं झालं. अरे, तुम्ही अजून फार लहान आहात.

मार्तंडरावांनी पुन्हा डोळे मिटले.

"हाय! ते पिठलं!" ते म्हणाले. "ती थंडी, तो बर्फ, कागदाच्या ताटलीतून निघणारी वाफ! ते पिठलं इथं होणं नाही, महाराज. इथल्या पाण्यातच ते नाही."

"तिकडचं पिठलं!" वाघमहाराज हळूच म्हणाले.

"तिकडचं पिठलं!" सगळी पंगत म्हणाली.

आणि चूल मार्तंडरावांना मिळाली. पानात टाकलेलं होतं, नियम होता, कोणाला दोष देणार? मावशीनं पळी पदरात गुंडाळली आणि ती मुकाट निघाली. झऱ्यापाशी आप्पा तिला गाठून म्हणाले, "बायजा, तो टूरचा आचारी सोडून गेलाय. येतेस?"

"तिकडचे लोक कशाला खातील माझ्या हातचं?"

"तिकडच्यांना कुठे वाढायचंय?" आप्पा म्हणाले. मावशीला काही उलगडलं नाही, पण जंगलात राहून चुलीकडे बघवणार नव्हतं. ती गेली.

पुढच्या सुगीला मार्तंडरावांनी बिनमिठाचं गवत उकडलं. ऑलिव्हचं तेल नव्हतं म्हणून वरून दिव्याचं करंजेल सोडलं. जंगल तीन दिवस झाडाझुडपांआड पळत होतं. पण "अप्रतिम!" असं प्रत्येकजण म्हणाला. तोंडानं चांगलं म्हणायची पद्धत त्या जंगलात तेव्हा सुरू झाली.

त्यानंतर एवढे वाळले सगळे, की तिकडचं पिठलं खायला वाघमहाराजांनी अख्ख्या जंगलाची टूर काढली. बर्फाचा डोंगर आला. बस थांबली. बसच्या मागे रांग लागली. पांढरी टोपी आणि जाड कोट घातलेली एक अस्वलीण वाढत होती. वाढणाऱ्याच्या तोंडाकडे कोणी बघतं का? ताटलीत किती पडलं, तेवढंच बघतात.

पहिला घास घेतला आणि वाघमहाराजांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. हत्ती तर लहान पोरासारखा हुंदके देत होता. मार्तंडराव ताटली चाटत सगळ्यांकडे वळले.

"काय सांगत होतो मी?" ते म्हणाले. "याला म्हणतात पिठलं! आमच्याकडेही एक होती. वर्षानुवर्षं करायची बिचारी. पण हाताला चवच नव्हती हो तिच्या."

मावशीच्या हातात पळी होती. मी असतो तर ती त्याच्या टाळक्यात घातली असती. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या बरगड्या दिसत होत्या.

"अजून वाढू?" तिनं विचारलं.

"वाढा," तिच्याकडे न बघता मार्तंडराव म्हणाले. तिनं वाढलं.

तात्पर्य: हाताला चव असेल तर ती घराजवळ वापरू नये. आपल्या माणसांना पोटभर जेवू घालायचं असेल, तर आधी त्यांच्यापासून दोन समुद्र लांब जावं. आणि वाढताना ओळख मुळीच देऊ नये. ओळख पटली, की लगेच मीठ कमी पडतं.