झुडपाची हजामत

गल्लीतलं कुठलंही डोकं देखणं करून दाखवीन, असा त्या न्हाव्याचा दावा होता आणि तो खोटा नव्हता. त्याच्या कात्रीखालून उठलेला माणूस आरशापुढून हलायला तयार नसे. म्हणून सासूबाई डोंगरावरून कायमच्या राहायला आल्या आणि त्यांनी डब्यात लावलेलं रानफळाचं झुडूप अंगणात ठेवलं, तेव्हा त्यानं छाती ठोकून सांगितलं, "आई, पुढच्या मोसमात याची ओंजळभर फळं तुमच्या हातावर ठेवतो." म्हातारीचं जेवणावरचं मन उडालं होतं. आठवण यायची ती त्या एका फळाची, आणि गुडघे आता डोंगर चढू देत नव्हते.

झुडूप वाढलं ते वाट्टेल तसं, दिसेल त्या दिशेला. विसकटलेलं डोकं समोर असताना न्हाव्याचा हात गप्प कसा बसेल? दर महिन्याला तो ते कापून चेंडूसारखं गोल करी. जाणारे-येणारे थांबून बघत. छाटलेल्या फांद्या मातीत खोचल्या की मुळं धरतात, हे कळल्यावर तर तो सुटलाच! दाढीला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एक रोप, वर छाटणी फुकट. बघता बघता गल्लीभर दारोदारी गोल झुडपं उभी राहिली. फळ मात्र एकावरही धरेना.

त्यानं खत घातलं, अंड्यांची टरफलं घातली, झुडूप उन्हात हलवलं. दोन मोसम कोरडे गेले. सासूबाई दारात खुर्ची टाकून झुडपाकडे कौतुकानं बघत आणि चकार शब्द काढत नसत. त्यांच्या त्या गप्प बसण्यानंच बिचारा अर्धा होत होता.

गल्लीच्या टोकाला घड्याळजी राहत. डोक्यावर केस औषधालाही नाही, त्यामुळे न्हाव्याच्या दुकानाशी संबंध नाही. रोप त्यांना मेव्हण्यानं आणून दिलेलं. एका सकाळी न्हाव्याला ते कुंपणापलीकडे दिसलं, गवताच्या गंजीसारखं माजलेलं. त्याला राहवेना. खिशातली कात्री काढून त्यानं हात आत घातला, आणि पहिल्याच फटक्याला काळ्याभोर फळांनी लगडलेली फांदी खाली आली.

घड्याळजी धावत बाहेर आले. याची निगा कोण राखतं, असं त्यानं विचारलं, तर ते ओशाळून म्हणाले, "कोणी नाही हो. मी आळशी माणूस."

फांदी घेऊन तो घरी पळाला. सासूबाईंनी एक फळ तोंडात टाकलं, डोळे मिटले, आणि पापण्यांतून पाणी आलं. मग पदरानं डोळे पुसून त्यांनी सांगितलं, की हे फळ मागच्या वर्षीच्या फांदीवर धरतं.

"म्हणजे मीच कापत होतो? आई, मग बोलला का नाहीत?"

"डोंगरावर या झुडपाकडे कुणी ढुंकून बघत नाही, जावईबापू. तुम्ही कापता, मागं सरून बघता, परत कापता. इतका सुंदर हात मी कुठं बघितला नव्हता. तो कसा थांबवू?"

आता वर्षभर कात्री लावणार नाही, असं न्हावी म्हणायला लागला, तोच त्यांनी दुसरं फळ उचललं.

"छे, आपलं गोलच राहू दे. खायला घड्याळजींचं आहे की."

तेव्हापासून गल्लीतला तो सर्वांत देखणा हात दर मोसमात वाटी घेऊन टकल्या माणसाच्या दारात उभा असतो.