रत्नाचं खूळ उतरवताना

मुलांना नाही म्हटलं की ती इरेला पेटतात, म्हणून आपण सरळ हो म्हणून मोकळं व्हायचं, असं मी दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं. (बायकोला विचारून ठरवायला हवं होतं. पण ती तेव्हा चकल्या तळत होती, आणि गरम तेलाजवळच्या दिपमालाला मी काहीही विचारत नाही.)

त्याचं झालं असं, की अकरावी सायन्सला असलेली आमची रत्ना जेवता जेवता म्हणाली, "पप्पा, मला अभिमननानांकडे मोटारी भरायला शिकायचंय."

माझा घास हातातच राहिला. अभिमननाना म्हणजे मूळचे शिंदखेड्याचे, आता मेहरूणमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले मिस्त्री. शेतकऱ्यांचे जळालेले पंप त्यांच्याकडे येतात. नाना आतली काळी पडलेली तार उपसून काढतात आणि नवी तांब्याची तार भरतात. आणि मी तर ऑफिसात रत्नाला निम्मी इंजिनीअर करूनही टाकली होती! (मी एका सरकारी कचेरीत क्लार्क आहे. तिथे कामापेक्षा मुलांचीच प्रगती जास्त होते.)

"जा की!" मी म्हणालो. म्हटलं, हात काळे झाले, नखं तुटली, की खूळ आपोआप उतरेल.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? संध्याकाळी गुपचूप दुकानात गेलो. "नाना, पोरीला सगळ्यात घाण काम द्या."

नानांनी दुकानभर नजर फिरवली. "भाऊ, आठे बठ्ठं घाणच शे. त्यामा निवडू काय?" (नानांच्या अहिराणीत बठ्ठं म्हणजे सगळं.)

"मग ओरडा तरी तिच्यावर!"

"वरडसच ना. मी बठ्ठासवर वरडस."

पहिल्या दिवशी रत्ना कोपरापर्यंत काळी होऊन आली, आणि चेहऱ्यावर पहिला नंबर आल्यासारखा आनंद! सुट्टी संपली, कॉलेज सुरू झालं, तरी संध्याकाळी ही दुकानात. मग एके दिवशी दारात एक शेतकरी उभा.

"ताई शे का घरमा?"

"तुम्ही कोण?"

"मना पंप तिनी भरा ना! तुम्ही कोन?"

"मी तिचा बाप."

"मंग बलावा ना तिले!"

मी बनियनवर होतो, मान्य आहे. पण स्वतःच्या दारात इतकं परकं मला कधी वाटलं नव्हतं.

त्याच रात्री रत्नाने खरा बॉम्ब टाकला. नाना तिला रीतसर शिकाऊ म्हणून घेणार होते, बारावी होईपर्यंत रोज संध्याकाळी. फक्त माझा होकार हवा होता, आणि तो घ्यायला नाना रविवारी स्वतः येणार होते. माझी झोपच उडाली. इंजिनीअरिंग डोळ्यांदेखत हातातून निसटत होतं.

त्या रविवारी मागच्या अंगणात भरीत पार्टी होती. धुळ्याहून माझी मोठी बहीण लताअक्का आणि मोतीलाल भाऊजी येणार होते. माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली: पाण्याच्या टाकीजवळच्या पंपाची एक तार हळूच सैल करायची. ऐनवेळी पाणी बंद. सगळे म्हणणार, रत्ना, कर दुरुस्त! तिला जमणार नाही, अक्का चार शब्द सुनावेल, नाना शरमतील, विषय संपला.

कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांची परात टाकीजवळच ठेवली होती. दिपमाला मिरची-लसूण ठेचत होती. मी आत जाऊन पंपाचा स्विच बंद केला आणि कढीपत्त्याची पानं खुडायच्या निमित्ताने पंपामागे बसलो. झाकण उघडलं, स्क्रू ड्रायव्हर आत घातला. इतक्यात बाथरूममधून भाऊजी ओरडले, "अरे, लाईट कशी गयी?"

मी कोणता स्विच बंद केला होता, ते मला त्या क्षणी कळलं. पण हात पुढे निघून गेला होता.

फाटकन आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि मी मागच्या मागे जाऊन थेट वांग्यांच्या परातीत बसलो. वांगी गरम होती, हे वेगळं सांगायला नको.

"मिरगी उनी, मिरगी!" अक्का किंचाळली. "चप्पल आना!"

मी नको नको म्हणतोय, तोवर भाऊजींची चप्पल माझ्या नाकाला लागलीसुद्धा. (भाऊजी धुळ्यापासून तीच घालून आले होते.)

रत्ना मात्र माझ्याकडे आली नाही. आधी धावत जाऊन तिने मेन बंद केला. मग माझ्याजवळ बसून माझे हात उलटेपालटे करून पाहिले. डाव्या हातात काही नव्हतं. उजव्या मुठीत स्क्रू ड्रायव्हर होता. तिने धुमसणाऱ्या पंपाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"पप्पा, मला सगळ्यांसमोर नापास करायला निघाला होतात?"

नानाही नेमके तेव्हाच फाटकातून आत आले होते. पोरीचे डोळे भरलेले पाहिले आणि मला खरंच लाज वाटली. चटक्यांपेक्षा ती जास्त झोंबली.

"शिक बाई," मी परातीतूनच म्हणालो. "बारावी तेवढी सोडू नकोस."

ती रडता रडता हसली. नाना पंपाजवळ बसले, आतलं कोळसा झालेलं बघून त्यांनी मान हलवली.

"भाऊ, पोर तर मी लिधीच. पन जुनी तार सोलाले मले आखो एक मानूस लागस. तुम्ही बी या. वरडाले मी शेच."

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, आणि नवऱ्याची बाजू घेईल म्हणून आशेने दिपमालाकडे पाहिलं. ती माझ्या पँटला चिकटलेलं वांगं अगदी गंभीरपणे सोडवत होती.

"नाना," तिने विचारलं, "यांचा डबा किती वाजता तयार ठेवू?"