निर्गुडीवर आळ

श्रीधररावांचा गुडघा इथल्या परदेशी हॉस्पिटलात डॉक्टरांनी बदलला असेल, पण त्यांना चालतं करणार आपलं व्रतच, अशी उर्मिलाताईंची पक्की खात्री होती! रोज सकाळी उठल्यापासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत मौन. लिहूनही सांगायचं नाही. ती देवाशी लबाडी! आज व्रताचा शेवटचा दिवस. मोडलं तर सगळं पाण्यात!

शिवाय त्यांच्या पिशवीत निर्गुडीचा ताजा पाला होता. सुजेवर शेकायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

सकाळच्या फेरीला आलेल्या सिस्टर लिमनी पिशवीत डोकावलं. बोटं फाकवल्यासारखी लांबट, टोकदार पानं! पाल अंगावर पडावी तशा त्या मागे सरकल्या.

"आंटी! गांजा?"

उर्मिलाताई तापल्या तव्यासारख्या लाल झाल्या. चतुर्थीला चहासुद्धा न घेणाऱ्या बाईवर गांजाचा आळ! त्यांनी खुणांनी समजावलं. पाला चुरायचा, तव्यावर तापवायचा, गुडघ्याला लावायचा, की आहाहा! शेवटी डोळे मिटून मान डोलावली.

"चुरायचं, जाळायचं, मग डोलायचं!" सिस्टर वाक्याला तिथला लाडका "लाह" जोडत किंचाळल्या. "हे हॉस्पिटल आहे लाह! पेशंट असो की पाहुणे, इथे गांजा चालत नाही! सिक्युरिटी!"

पेनकिलरच्या गुंगीतून श्रीधरराव बायकोच्या मदतीला धावले. "सिस्टर, ती फार धार्मिक आहे हो. आमच्या महादेवाला चालतो गांजा!"

झालं! गार्ड आला. आता इथे कायम राहायचा परवानाच जातोय या धास्तीने श्रीधरराव "माझा पीआर! माझा पीआर!" करू लागले. उर्मिलाताईंच्या जिभेवर एवढं काही जमलं होतं, की ओठ शिवून घ्यावे लागले असते. त्यांनी सिस्टरचं मनगट धरलं आणि गार्डसकट त्यांना तरातरा खाली, हॉस्पिटलच्याच बागेत नेलं. झुडपाकडे बोट केलं. मग पाटीकडे.

गार्डने वाचलं. "निर्गुडी. औषधी वनस्पती. सांधेदुखीवर वापरतात."

"सॉरी, आंटी," सिस्टर पुटपुटल्या.

उर्मिलाताईंची मान देवळाच्या कळसासारखी ताठ झाली. पण गार्डचं वाचन संपलं नव्हतं.

"पानं तोडण्यास सक्त मनाई. आंटी, तुम्ही चोरलीत?"

गांजाचा आळ त्यांनी व्रतापायी गिळला होता. पण चोरी?

"चोरी कसली!" इंग्रजी, हिंदी, मराठी सगळं एकदम फुटलं. "हात जोडून, झाडाला विचारून तोडलीत मी!"

गार्डने झाडाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"ओके लाह. मग झाड काय म्हणालं?"

उर्मिलाताईंनी दोन्ही हात तोंडावर दाबले. झाड काय म्हणणार! त्याचंही मौनच होतं, आणि त्याने ते मोडलं नव्हतं!