सर्वसाधारण पापी

त्या ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी सव्वानऊ वाजता सर्व सभासद उभे राहून एका सुरात पाप कबूल करत. त्यासाठी छापील पत्रिकेत चार ओळी होत्या आणि शेवटी कंसात 'बसावे' अशी सूचना होती. माणूस मुळापासून भ्रष्ट आहे, स्वतःच्या बळावर तो तरत नाही, केवळ कृपेने तरतो, ही शिकवण सगळ्यांना तोंडपाठ होती. तिला कोणाचीच हरकत नव्हती. सगळेच पापी असल्यामुळे कोणा एकट्याला वाईट वाटून घ्यायचं कारण पडत नसे.

त्या रविवारी सगळे बसले. शिंपी मात्र उभाच राहिला.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "अकरा वर्षांपूर्वी व्यासपीठावर घालायची मखमल वाया गेली, ती माझ्या हातून. लव उलटी धरून मीच कापली. नाव मात्र वहिनीचं घेतलं."

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची विधवा. तेव्हा ती त्याच्याच दुकानात काज-बटणं करायची आणि मंडळीत मुलींचा शिवणवर्ग चालवायची. मखमल गेली तेव्हा कारभार पाहणाऱ्या सात ज्येष्ठांच्या वडीलमंडळाने तिच्यावर 'हलगर्जी' असा शेरा मारून वर्ग काढून घेतला. तेव्हापासून ती शेवटच्या बाकावर, खांबाआड बसत असे.

उपासना चालवणाऱ्या पाळकांनी घाईघाईने गीत सुरू केलं. ते लग्नाचं निघालं, पण सगळ्यांनी ते मनापासून म्हटलं.

उपासना संपताच वडीलमंडळाची तातडीची बैठक बसली. शिंप्याला स्टूल देण्यात आलं.

"पाप कबूल करायला आमची ना नाही," सचिव म्हणाले. "पण तुम्ही विशिष्ट पाप कबूल केलंत. पत्रिकेत तशी तरतूद नाही."

"पण मी ते केलंय."

"करतो आम्हीही. म्हणून काय सांगत सुटायचं?"

सचिवांनी जुनी इतिवृत्ताची वही काढून बोट ठेवलं. "हे बघा. कापड तुमच्या वहिनींनी कापलं, असं ठरावात आहे."

"तो ठराव चुकला, साहेब. मीच खोटं सांगितलं होतं ना!"

सचिवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "माणूस मुळापासून भ्रष्ट आहे हे आम्हाला मान्यच आहे. पण ठराव एकमताने झाला होता."

पुढचं सगळं ओघानेच आलं. ठराव खरा, म्हणजे कापड वहिनीने कापलं. वहिनीने कापलं, म्हणजे शिंपी निर्दोष. निर्दोष माणसाने भर उपासनेत स्वतःला दोषी म्हटलं, म्हणजे तो धडधडीत खोटं बोलला. खोटं बोलणं हे पाप. ते कबूल करण्याची संधी त्याला जागेवरच देण्यात आली.

"म्हणजे मी खोटं बोललो होतो हेच खोटं, असं लिहून देऊ?"

"कृपेचं दार उघडंच आहे," सचिव म्हणाले. "फक्त सही लागेल."

शिंप्याने पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी दोनदा तोंड उघडलं. बैठकीतला पुढचा विषय त्यांच्या मुदतवाढीचा होता. "आपण यावर प्रार्थना करू," ते म्हणाले. प्रार्थना झाली. मग शिंप्याला प्रभुभोजनाच्या विधीपासून दूर ठेवण्याचा ठराव झाला. कारण लिहिलं गेलं: 'सदर सभासद स्वतःचे निर्दोषत्व मान्य करीत नाही.'

तिथून शिंपी तडक वहिनीच्या दारात गेला. ती उशांचे अभ्रे शिवत होती. तो उंबऱ्याशीच थांबला.

"बसा भावोजी," ती म्हणाली. मशीन थांबवून तिने दोरा तोडला. "अकरा वर्षं मला वाटत होतं, मीच कापलं असेल. सगळे इतकं ठामपणे सांगत होते. अजून कात्री धरली की हात थरथरतो माझा."

शिंपी ढसाढसा रडला. ती रडली नाही.

"लगेच माफ करणं नाही जमायचं मला," ती म्हणाली. "पण जेवून जा."

पुढच्या रविवारी तो तिच्याशेजारी, खांबाआड बसला. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट त्याला ओलांडून गेलं. वहिनीने आपला तुकडा मोडला आणि अर्धा त्याच्या तळहातावर ठेवला. सचिवांनी ते पाहिलं आणि खिशातून टिपणवही काढली.

त्यानंतरच्या रविवारी पाळकांनी ढोंगावर उपदेश केला. त्यांना मुदतवाढ मिळाली होती आणि आवाजही खणखणीत लागला होता. लोक डोळे टिपत होते. बाहेर पडताना जो तो त्यांचा हात दाबून एखाद्या गैरहजर माणसाचं नाव घेत होता: "आज तो यायला हवा होता!"

तुम्हालाही ही गोष्ट कोणाला तरी वाचायला द्यावीशी वाटत असेल. नावही मनात आलं असेल. ते तुमचं स्वतःचं नाही, एवढं नक्की.