खैरनारकाकांची नाडीपरीक्षा

सकाळी साडेसहाला एखादा माणूस तुमच्या मोटारसायकलचा क्लच दाबताना दिसला, तर तुम्ही चोर समजून ओरडाल. जेल रोडच्या आमच्या सोसायटीत कुणी ओरडत नाही. ते खैरनारकाका असतात.

काका मूळचे सटाण्याकडचे, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. फिरायला म्हणून खाली उतरतात, पण पार्किंगच्या पुढे काही जात नाहीत. प्रत्येक मोटारसायकलपाशी थांबायचं, डाव्या हाताने क्लच दाबायचा, डोळे मिटायचे आणि वैद्य नाडी बघतो तसा हळूहळू सोडायचा. क्लच केबलला ते तार म्हणतात. "तार आधी सांगते, मग तुटते," हे त्यांचं आवडतं वाक्य. दाबायला जड झाली, सोडताना अडखळली, सिग्नलला न्यूट्रल सापडेना, नाहीतर मुठीपाशी एक जरी धागा सुटला, की तार बदलायची. "थोडं तेल सोडून बघू का?" असं मी एकदा विचारलं होतं. ताप आलेल्याला आइस्क्रीम द्यायला निघाल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

निदान झालं की काका एक चिठ्ठी लिहून सीटला खोचतात. मजकूर अगदी थोडका. "आठ दिवस. खैरनार." दुसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या मोरेंना पहिल्याच आठवड्यात चिठ्ठी मिळाली, "तीन दिवस उरले. खैरनार." मोरे दोन दिवस पोलीस चौकीसमोरून घिरट्या घालत होते. तिसऱ्या दिवशी द्वारका चौकात त्यांची केबल तुटली. गाडी टेम्पोत घालून घरी आणल्यावर मोरे आधी काकांकडे पेढे घेऊन गेले.

स्वतःच्या पुतणीच्या लग्नात तर मंगलाष्टकं सुरू झाली तरी काकांचा पत्ता नाही. शोधलं तर अक्षता उजव्या मुठीत धरून डाव्या हाताने वरपक्षाच्या गाड्या तपासत होते. नवऱ्याच्या मामांच्या गाडीवर चिठ्ठी होती, "घोटीच्या पुढे जाऊ नये." मामा कल्याणचे, म्हणजे घोटीच्या बरेच पुढचे. ते आणखी दोन दिवस नवरीच्याच घरी मुक्कामाला राहिले आणि काकांच्या वहिनीने तो राग अजून सोडलेला नाही.

मग सोसायटीत स्कूटर आल्या, आधी पेट्रोलच्या आणि मागोमाग विजेच्या. या गाड्यांना क्लच नसतो. काका नव्या स्कूटरची डावीकडची दांडी दाबून बघत, तर ती निघे ब्रेकची. "हिला नाडीच नाही हो," असं म्हणून ते पुढे जात. मोरेंनीही स्कूटर घेतली. होता होता क्लचवाल्या दोनच गाड्या उरल्या, एक काकांची आणि एक माझी. मीही विजेची स्कूटर बुक केली आणि गाडी विकायला काढली. काकांना हे सांगायला हवं होतं, पण माझी जीभ रेटेना.

रविवारी कळवणहून एक गृहस्थ गाडी बघायला आले. मळ्यात फिरायला त्यांना हवी होती. एक चक्कर मारून आले, खूश झाले, आणि तेवढ्यात काका खाली उतरले. भावनेच्या भरात काका अहिराणीवर जातात. इथे तर समोरचा माणूसच त्यांच्या भागातला निघालेला. काकांनी सवयीने क्लच दाबला, डोळे मिटले आणि म्हणाले, "भाऊ, हाई तार तीन दिननी पाव्हनी शे."

गृहस्थ चहा घेऊन येतो म्हणाले, ते परत आलेच नाहीत.

"काका, माझा सौदा मोडलात तुम्ही," मी चिडून म्हणालो.

"मग काय खोटं बोलू?"

"खोटं नका बोलू. पण गप्प तर बसायचं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "विकताय होय," एवढंच म्हणाले आणि जिना चढून गेले. मला वाईट वाटलं, पण राग त्याहून मोठा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. दारात काका, गळ्यात नवी केबल, हातात पक्कड. "चला गायधनी, तार बदलून टाकू. मग कळवणला मीच फोन करतो. गाडी चांगली आहे, त्यांना सांगतो तसं."

खाली पोतं अंथरून काका इंजिनापाशी बसले. मी वर क्लच धरायचा. "हे दोघांचं काम आहे," ते म्हणाले. "दाबा. सोडा. दाबा. आता धरून ठेवा." वीस मिनिटांत माझा क्लच लोण्यासारखा मऊ झाला.

काका हात पुसत होते. शेजारी त्यांची गाडी उभी होती, म्हणून मी सहज तिचा क्लच दाबला. दांडी पार मुठीला जाऊन टेकली आणि सुटलेला धागा माझ्या बोटात घुसला. एवढी वाईट केबल मी आजवर पाहिली नव्हती.

"काका, ही आजच तुटेल."

"माहीत आहे."

"मग बदलत का नाही?"

"वर धरायला कोण आहे?" काका पक्कड पुसत राहिले. "वैशू धरायची. चौथीत होती तेव्हापासून, दोन्ही हातांनी. बोटं पुरायची नाहीत तिची."

वैशू म्हणजे त्यांची मुलगी. आता बेंगळुरूला असते. तिच्या बाळासाठी काकूही आठ महिने तिकडेच आहेत. काका पंधरा दिवसांसाठी गेले होते, ते पाचव्या दिवशी परतले. तिथल्या पार्किंगमध्ये एकाही गाडीला क्लच नाही, असं कारण सांगितलं होतं आणि आम्ही सगळे खूप हसलो होतो.

"दांडी सुतळीने बांधून ठेवली तरी काम होतं की," मी म्हणालो.

"व्हस ना," काका म्हणाले. "पन सुतळी कधी, ‘आप्पा, सोडू का?’ म्हनस का?"

नवी केबल काकांनी आणून ठेवलेली असणारच. मी त्यांच्या गाडीचं सीट उघडलं. आत नवी केबल होती, पाकीटही न फोडलेली. ती त्यांच्या हातात दिली. कळवणला फोन करू नका, असंही सांगून टाकलं. बायको कधीची स्कूटर मागत होती, बुक केलेली तिला होईल.

काका पुन्हा पोत्यावर बसले. जुनी तार काढली, नवी ओवली.

"दाबा," खालून आवाज आला.

मी दाबला. माझं वय बेचाळीस, पोट सुटलेलं, वर मोरे गॅलरीतून बघत होते. तरी विचारलं.

"आप्पा, सोडू का?"

खाली पक्कड थांबली.

"नको," काका म्हणाले. "धरा अजून थोडं."