विकणे आहे: भामरेकाकांचा कॉम्प्युटर

आमच्या खालच्या मजल्यावरचे भामरेकाका दर महिन्याला आपला कॉम्प्युटर विकायला काढत आणि गिऱ्हाईक आलं की त्याला चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवत.

ओझरच्या विमान कारखान्यातून ते नुकतेच निवृत्त झाले होते. कॉम्प्युटर पंधरा-सोळा वर्षांचा, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारा. त्याच्या खोलीत चपला घालून जायचं नाही.

"काका, हे डबडं घेणार कोण?" मी एकदा विचारलं.

"डबडं म्हणू नका ताई. जुना नाही, जपलेला आहे." मग व्याख्यान. "असे हजारो निघाले, लोकांनी भंगारात घातले. उरले किती? त्यातले चालू किती? आणि चालूंपैकी मूळ खोका, थर्माकोल, पुस्तक, सगळे स्क्रू जागच्या जागी असलेले किती? शौकीन मोजतो ते त्याचे पैसे."

थर्माकोल जपून ठेवणाऱ्या माणसाशी मी भांडले असते. काकू कधी भांडल्या नाहीत. आता त्याही नव्हत्या, आणि मुलगी बडोद्याला.

पेपरात जाहिरात आली की रविवारी कोणीतरी यायचंच. साखर संपली म्हणून मला हाक, आणि मग, "बसा की ताई, साक्षीला." एकाने विचारलं, आतून सोनं किती निघेल? काकांनी त्याच्यासमोरचा अर्धा चहा उचलून नेला.

एकदा पुण्याचे एक डॉक्टर आले. खरे शौकीन. बॅटरीच्या उजेडात एकेक स्क्रू पाहिला. मशीन सुरू झालं तसे काका थेट सटाण्याच्या बोलीत ओरडले, "चालू शे!" डॉक्टरांनी सांगितलेला आकडा ऐकून मी मनातल्या मनात आमचा माळा धुंडाळू लागले.

"घरी मांजर आहे?" काकांनी विचारलं.

"आहे."

"केस जातात आत. नको."

"बहिणीकडे ठेवतो मांजर."

काका गडबडले. "मजला कितवा?"

"तळमजला."

"मग ओल येणार."

डॉक्टर उठले. "काका, द्यायचाच नाही तर जाहिरात कशाला देता?"

काका त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. "पुढच्या रविवारी या ना. फ्लॉप्या दाखवायच्या राहिल्या."

डॉक्टर आले नाहीत. शौकिनांमध्ये बातमी फिरली असावी, कारण नंतर जाहिरात येत राहिली, माणसं येईनात. कपडे वाळत घालताना मला खाली दिसायचं: इस्त्रीचा शर्ट घालून काका गेटकडे तोंड करून बसलेले.

असे तीन रविवार पाहिले. चौथ्या रविवारी खाली गेले.

"काका, किती म्हणालात त्या कॉम्प्युटरचे?"

ते उभेच राहिले. "तुम्हाला? तुम्हाला काय करायचाय?"

"ते माझं मी बघेन. पण किंमत जास्त वाटते."

"जास्त?" त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा. पहिल्यापासून सांगतो."

मी गॅस बंद करूनच आले होते. बसले.