ओले मोजे, कोरडे सर

आमच्या वारज्याच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की आठवड्याच्या आत वॉचमनकडे चौकशी करतो, "ते गेटजवळचे आजोबा ठीक आहेत ना?" कारण पहाटे गेटजवळच्या नळापाशी एक गृहस्थ स्टुलावर बसून स्वतःच्या पायांवर तांब्याने पाणी ओततात आणि ते न पुसता मोजे चढवतात. मनासारखं जमलं नाही, की मोजे काढून पुन्हा पाणी.

ते बागवान सर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहणारे. त्यांना वेड ट्रायथलॉनचं, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, एकाच दमात. पाण्यातून निघून सायकलवर बसेपर्यंतचा वेळ वाचवायची ही त्यांची तालीम. मी एकदा न राहवून विचारलं, "सर, टॉवेल नाहीये का?"

"आहे. आपल्याला हवाय?"

मी यवतमाळची, इथे आयटीत. एकदा लिफ्ट बंद होती. मी धापा टाकत जिना चढत होते, सर उतरत होते.

"वय काय आपलं?"

"बत्तीस."

"वाटत नाही," म्हणाले आणि खाली गेले. मला इतका राग आला की पुढच्या रविवारी मी सायकल घेऊन त्यांच्यासमोर हजर! 'आपण'ची 'तू' झाले ती त्या दिवशी.

सायकलच्या हँडलला ते चिक्की चिकटपट्टीने लावत, चालवताना खायला. धायरीच्या रस्त्यावरची कुत्री त्या वासाने मागे लागत. सर त्याला 'वेगाचा सराव' म्हणत. सल्ले तसेच, तुटक. "उतारावर खायचं, चढावर गप्प बसायचं." आणि पोहताना, "पाण्याशी भांडू नकोस. ते आपल्यापेक्षा मोठं आहे. वयानेही."

शेवटी आम्ही दोघांनी एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत नाव दिलं. धरणात जवळजवळ दोन किलोमीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, वर एकवीस धावायचं. सर आदल्या दिवशीच सायकल टपावर टाकून एसटीने गेले होते, मी पहाटे माझ्या गाडीने पोचले.

पाणी गार आणि काळं. तळ दिसेना. मधोमध कुणाची तरी लाथ बसली, गॉगल निघाला, नाकातोंडात पाणी गेलं. मी हातपाय झाडायला लागले. दोन्ही काठ सारखेच लांब! कशीबशी बचावाच्या होडीला लटकले.

"मॅडम, वर घेऊ का?" होडीवाल्याने विचारलं.

वर घेतलं की शर्यत संपली. सर कुठेतरी पुढे निघून गेलेले. पाण्याशी भांडू नकोस. मी होडी सोडली, पाठीवर पडून नुसतं आभाळ बघितलं. श्वास जागेवर आला तशी पालथी झाले.

सायकलवर समोरून वारा. मागे हळूहळू येणारी एक गाडी, वेळेत न बसणाऱ्यांना उचलून नेणारी. तिचा ड्रायव्हर फारच सभ्य होता, हॉर्नसुद्धा वाजवत नव्हता. तिच्या इंजिनाच्या घरघरीनेच मी पेडल मारत राहिले.

धावताना ऊन डोक्यावर, पोटऱ्यांत गोळे. सर एव्हाना पोचले असणार म्हणून मी त्यांना शोधलंही नाही. शेवटचं वळण घेतलं, तर शेवटच्या रेषेवरच्या कमानीच्या अलीकडे घोळका. एकाच्या हातात स्ट्रेचर. मधे दगडावर सर बसलेले, आणि एक स्वयंसेवक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणत होती, "आजोबा, उठा ना! वेळ संपत आलीय!"

तशीच धावत सुटले.

"सर! छातीत दुखतंय का?"

"नाही."

"पाय?"

"आहेत. दोन्ही."

"मग बसलात का?"

"पलीकडे गर्दी फार आहे," म्हणत ते उठले. "चल. गप्पा नंतर. घड्याळ चालू आहे."

आम्ही बरोबरच रेषा ओलांडली. मागोमाग शर्यत बंद झाल्याचा भोंगा वाजला. ती मुलगी माझ्यावरच चिडली होती. आजोबा कधीचे येऊन बसले होते, त्यांच्या वयोगटात सहज पहिले आले असते!

परतताना त्यांची सायकल माझ्या गाडीवर बांधली. वाटेत चहाला थांबलो, तेव्हा मी विचारलंच, "पहिला नंबर घालवलात. कशासाठी?"

सरांनी चहावर फुंकर मारली.

"मागच्या वर्षी मी वेळेत आलो होतो. गळ्यात मेडल घातलं. एक मुलगी म्हणाली, 'आजोबा, तुमची माणसं कुठेत? सगळ्यांचा फोटो काढते.' मी म्हटलं, पार्किंगमध्ये आहेत."

"मग?"

"मग काय. पार्किंगमध्ये जाऊन जरा वेळ उभा राहिलो. तिला खोटं वाटायला नको."